हातात मावणाऱ्या वास्तू

मोबाईल फोनचे कव्हर ही वस्तू मुळात केवळ संरक्षणाची. फोन हातून निसटला तर त्याची काच फुटू नये, कडा झिजू नयेत, एवढ्याच हेतूने ती अस्तित्वात आली. परंतु कोरी पाठ मनुष्यास फार काळ पाहवत नाही. देव्हारा असो, बैलगाडीचे साटे असो की मालमोटारीचे मागचे फळकूट असो, रिकामी जागा दिसली की तेथे काहीतरी चितारावे ही त्याची जुनी खोड. फोनच्या पाठीवरही देवदेवता, नटनट्या, खेळाडू आणि फुलेपाने यांच्या बरोबरीने लवकरच वास्तू येऊन बसल्या. ताजमहाल, चारमिनार, हवामहाल, हंपीचा पाषाणरथ, मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया अशा कितीतरी ऐतिहासिक वास्तूंची छायाचित्रे छापलेली कव्हरे आज देशातील कोणत्याही मोठ्या शहरात रस्त्याकडेच्या टपरीवरही मिळतात. जी वास्तू पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते, ती येथे तळहाताखाली झाकली जाते.

हे पाहून काही जाणती मंडळी नाक मुरडतात. इतिहासाचा बाजार झाला, असे त्यांचे म्हणणे. बाजार झाला हे खरे. पण तो आजचा नव्हे. भारतीय वास्तूंची चित्रे हाताळण्याच्या वस्तूंवर छापण्याचा उद्योग निदान दोनशे वर्षांचा आहे, आणि त्याचा आरंभ भारतात नव्हे तर इंग्लंडातील कुंभारांच्या भट्ट्यांत झाला.

टॉमस डॅनियल हा इंग्रज चित्रकार आपला पुतण्या विल्यम याला घेऊन इ. स. १७८६ मध्ये कलकत्त्यास उतरला. विल्यमचे वय तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. पुढील सात वर्षे चुलता-पुतण्यांनी नावेतून, पालखीतून आणि पायी हा देश पालथा घातला. जेथे जेथे देऊळ, मशीद, किल्ला वा कबर दिसे, तेथे ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ नावाची अंधारपेटी मांडून ते तिच्या काचेवर उतरलेल्या प्रतिमेवरून रेखाटन करीत. मायदेशी परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी ‘ओरिएंटल सीनरी’ या नावाने १४४ मुद्राचित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील २४ चित्रे वेरूळच्या लेण्यांची आहेत. परंतु ती डॅनियल यांच्या रेखाटनांवरून नव्हे, तर १७९५ मध्ये निधन पावलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून तयार झाली. याच काळात पुण्याचा गंगाराम तांबट हा चित्रकार पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी आणि वेल्सच्या सोबतीने काम करीत होता. वेरूळची मोजकी, काटेकोर रेखाटने त्याच्याही हातची आहेत. पाश्चात्त्य पद्धतीने भारतीय वास्तूंचे आलेखन करणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्याची गणना करावी लागते. डॅनियल यांचे नाव मात्र युरोपभर झाले, आणि तांबटांचे नाव अभ्यासकांच्या टिपणांत राहिले.

डॅनियल यांचे ग्रंथ महाग होते. ते घेणे सरदार-सावकारांनाच परवडे. सामान्य इंग्रज घरांत ही चित्रे पोहोचली ती जेवणाच्या बशांवरून. स्टॅफर्डशर परगण्यातील आणि लिव्हरपूलच्या कुंभारांनी निळ्या शाईतील मुद्रित भांड्यांचा मोठा व्यापार उभारला होता. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरावयाचे, त्यात तेलकट निळा रंग भरावयाचा, त्याचा ठसा पातळ कागदावर घ्यावयाचा, तो ओला कागद भाजलेल्या बशीवर दाबून रंग तिच्या अंगी उतरवावयाचा, कागद धुऊन टाकावयाचा, आणि मग वर काचेचा लेप देऊन बशी पुन्हा भट्टीत घालावयाची, अशी ही रीत. कुंभारास नवनवी चित्रे हवी होतीच. डॅनियल यांची मुद्राचित्रे त्याला आयतीच मिळाली. चित्रकाराची परवानगी विचारण्याची प्रथा नव्हती. एका चित्रातील घुमट, दुसऱ्यातील घाट आणि तिसऱ्यातील वटवृक्ष एकाच बशीत बसविण्यासही कुणाची हरकत नसे. फ्रान्समधील झ्यूबेर यांच्या कारखान्याने १८०७ मध्ये तर ‘हिंदुस्थान’ नावाचा भिंतीला चिकटवावयाचा चित्रमय कागदच काढला. त्यातील देवळे, मशिदी आणि हत्ती बव्हंशी डॅनियल यांच्याच चित्रांतून उचललेले होते. ब्रिटनमध्ये १८४२ साली लेखाधिकाराचा कायदा कडक झाल्यावर कुंभारांची ही उचलेगिरी आटोक्यात आली.

फोनच्या कव्हरावरील छपाईची एक प्रचलित रीत जो नीट पाहील त्याला या बशांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. संगणकावरचे छायाचित्र प्रथम एका खास कागदावर उलटे छापतात. तो कागद विशिष्ट लेप दिलेल्या प्लॅस्टिकच्या कव्हरावर घट्ट बसवून दोनशे अंशांच्या आसपास तापवितात. उष्णतेने कागदावरचा रंग न वितळता थेट वायुरूप होतो आणि लेपात शिरून तेथेच थिजतो. कागद काढून टाकला की चित्र सुलटे उमटलेले दिसते, आणि ते पृष्ठभागावर नसून लेपाच्या आत असल्यामुळे नखाने खरवडले तरी सहजी निघत नाही. दुसऱ्या रीतीत शाई थेट कव्हरावर फवारून ती अतिनील प्रकाशाने तत्क्षणी वाळवितात. पहिली रीत म्हणजे स्टॅफर्डशरच्या कुंभाराचीच रीत. तांब्याच्या पत्र्याच्या जागी संगणक आला आणि भट्टीच्या जागी लहानशी तापयंत्रपेटी आली, इतकेच.

या रीतीत एक धोका आहे. चित्र उलटविण्यास कारागीर विसरला तर डावी बाजू उजवीकडे जाते. ताजमहालासारख्या दोन्ही अंगांनी सारख्या वास्तूत हे कोणाच्या ध्यानात येत नाही. एकमिनारी मशिदीत वा शिलालेखात लगेच येते. अशी चूक टपरीवरच्या कारागिराचीच होते असेही नाही. स्वतंत्र भारताच्या डाक खात्याने १५ ऑगस्ट १९४९ रोजी पुरातत्त्वविषयक १६ तिकिटांची माला काढली. सांचीचे तोरण, विजापूरचा गोलघुमट, खजुराहोचे कंदारिया महादेवाचे मंदिर, अमृतसरचे सुवर्णमंदिर, चितोडचा विजयस्तंभ, पालिताण्याची मंदिरे अशी ती देशाची ओळखपरेडच होती. त्यांतील एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती उलटी छापली गेली. दुसऱ्याच वर्षी सुलट्या मूर्तीचे तिकीट काढून ती चूक सुधारावी लागली.

बशा आणि कव्हरे यांच्या मधल्या काळात वास्तुचित्रांनी अनेक घरे बदलली. दिल्लीच्या चितारी घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हस्तिदंताच्या लहानशा लंबगोल चकत्यांवर ताज, जामा मशीद, कुतुब आणि लाल किल्ला रंगविण्याचा व्यवसाय चालविला. साहेब लोक त्या चकत्या सोन्यात मढवून आपल्या स्त्रियांच्या गळपट्ट्यावर लावीत. छायाचित्र आल्यावर या चिताऱ्यांचा धंदा बुडेल असे कुणालाही वाटले असते. प्रत्यक्षात त्यांनी छायाचित्र पुढ्यात ठेवून त्यावरून रंगविण्यास सुरुवात केली आणि काही काळ तगून राहिले. यात त्यांची सोय झाली, पण नुकसानही झाले. स्वतः वास्तूपुढे बसून तिच्याकडे पाहण्याची गरज संपली. छायाचित्रकाराने जी बाजू निवडली तीच हजारो चकत्यांवर गेली.

खुद्द छायाचित्राचा भारतीय वास्तूंशी संबंध आला तो सरकारी काटकसरीतून. रेखाटनासाठी चित्रकार नेमण्यापेक्षा छायाचित्र स्वस्त आणि बिनचूक पडेल, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना पटले, आणि १८५५ मध्ये मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज याला विजापूर व आसपासच्या स्थळांची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. मद्रासकडे लिनियस ट्राइप याने मदुरा-तंजावरची मंदिरे टिपली. आग्र्यास जॉन मरे हा डॉक्टर रुग्णसेवेतून वेळ काढून ताजमहालाचे प्रचंड आकाराचे कागदी निगेटिव्ह तयार करीत असे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. तिच्या कार्यकारी मंडळावर डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते, आणि ते स्वतः कसलेले छायाचित्रकार होते. या माणसांना आपण बाजारासाठी चित्रे काढीत आहोत असे वाटले नसेल. कव्हरावर आज जे दिसते ते त्यांनीच घालून दिलेल्या चौकटीतून दिसते, हे मात्र निश्चित.

चित्राचे मोल किती, हे कधी कधी मूळ वस्तू गेल्यावरच कळते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात मेजर रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे घालविली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांतील बहुसंख्य भस्म झाल्या. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या नशिबी तर चित्रही नीटसे आले नाही. त्याची वास्तुशांती १७३२ ची, त्याला भीषण आग लागली १८२८ मध्ये, आणि छायाचित्रणाची विद्या जगापुढे आली १८३९ मध्ये. अवघ्या अकरा वर्षांचे अंतर! म्हणून शनिवारवाड्याचे कोणतेही छायाचित्र, मग ते ग्रंथात असो वा फोनच्या कव्हरावर, दिल्ली दरवाजा आणि तट यांच्यापुढे जाऊ शकत नाही. आतले दिवाणखाने, कारंजी, मजले यांच्या जागी जोती उरली आहेत, आणि जोत्यांचे कव्हर कोण विकत घेणार?

हंपीचा रथ हे याहून बोलके उदाहरण आहे. विठ्ठल मंदिराच्या प्रांगणातील हे रथाकार गरुडमंदिर आज देशातील सर्वांत अधिक छापल्या जाणाऱ्या प्रतिमांपैकी एक असावे. २०१७ पासून पन्नास रुपयांच्या नोटेवर ते आहे. परंतु अलेक्झांडर ग्रीनलॉ या लष्करी अधिकाऱ्याने १८५६ मध्ये मेणकागदावर घेतलेल्या छायाचित्रात रथाच्या माथ्यावर विटांचे शिखर स्पष्ट दिसते. ते शिखर आज नाही. पुढे जोडलेले हत्तीही मूळचे नव्हेत. त्यांच्या मागे घोड्यांच्या पायांचे अवशेष दिसतात. म्हणजे नोटेवर आणि कव्हरावर जो रथ आहे तो विजयनगरच्या राजांनी पाहिलेला रथ नव्हे. तो अलीकडच्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा रथ आहे, आणि त्याच्या या बोडक्या रूपाची इतकी सवय झाली आहे की, ग्रीनलॉचे चित्र प्रथम पाहणाऱ्यास तेच बनावट वाटावे.

ताजमहालाची गोष्टही तशीच. कव्हरावरचा ताज म्हणजे समोर लांबच लांब जलाशय, दोहो बाजूंस आखीव झाडे आणि शेवटी निर्वेध दिसणारा शुभ्र घुमट. मरे आणि त्याच्या मागून आलेला सॅम्युअल बोर्न यांच्या छायाचित्रांत त्या बागेत गर्द, उंच झाडी आहे. तिच्यातून घुमट जेमतेम डोके वर काढतो. मोगल बागेत फळझाडे आणि सावली हवीच असे. आजची मोकळी हिरवळ आणि सरळ दृष्टिपथ ही बव्हंशी १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या कर्झनच्या आणि त्याच्या अधिकाऱ्यांच्या अभिरुचीची देणगी आहे. चित्र वास्तूवरून निघते असे समजले जाते. चित्रात शोभावी म्हणून वास्तूचा परिसर बदलला जातो, ही दुसरी बाजू क्वचितच ध्यानात येते.

कव्हराच्या बाबतीत आकाराचा जुलूमही विचारात घ्यावा लागतो. फोनची पाठ उभी व अरुंद असते, आणि तिच्या वरच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यासाठी भोक सोडावे लागते. सुमारे ७२ मीटर उंचीचा कुतुबमिनार या चौकटीत सुखाने उभा राहतो. हैदराबादचा १५९१ चा चारमिनार थोडा जवळून घेतला तर बसतो. जयपूरचा १७९९ चा हवामहाल तर जणू याचसाठी बांधला असावा, कारण तो मुळात एक उंच दर्शनी पडदाच आहे. याउलट सांचीचा स्तूप, फत्तेपूर शिक्री, विजयदुर्गाचा तट किंवा वेरूळचे कैलास लेणे ही आडवी पसरलेली वा खोल गेलेली स्थळे. ती उभ्या चौकटीत घातली की त्यांचा प्राण जातो. कैलास लेण्याचे सारे मर्म ते वरून खाली कोरत आणले यात आहे; दर्शनी भागाच्या चित्रातून त्यातले काहीच कळत नाही. नोटांची आडवी चौकट या दृष्टीने अधिक उदार ठरली. २०१६ नंतरच्या नोटांवर लाल किल्ला, सांची आणि वेरूळ आले, इतकेच नव्हे तर पाटणची राणीची वावही आली. ती तर जमिनीखाली उतरत जाणारी वास्तू. १२ मराठा दुर्गांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतील जिंजीचा. डोंगराला मिठी मारून बसलेले हे किल्ले कव्हरावर कसे उतरावयाचे हा प्रश्नच आहे. बहुधा एखादा बुरूज आणि एखादा दरवाजा यांवरच भागवावे लागेल.

या चित्रांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न कायदेपंडितांसाठी रंजक आहे. भारताच्या १९५७ च्या लेखाधिकार कायद्याने वास्तूचे चित्र वा छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा वास्तूवरील हक्काचा भंग मानलेला नाही. छायाचित्र मात्र छायाचित्रकाराचे असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर त्याच्या हयातीत व पुढे ६० वर्षे त्याचा हक्क राहतो. बाजारातील किती कव्हरांवरची छायाचित्रे रीतसर घेतलेली असतात याची चौकशी केली तर स्टॅफर्डशरच्या कुंभारांना बरे सोबती मिळाले असेच म्हणावे लागेल. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या इमारतीच्या प्रतिमेची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करून घेतली; खासगी मालकाला ते करता आले. इटलीने २००४ च्या आपल्या सांस्कृतिक वारशाच्या संहितेत सरकारी ताब्यातील वारशाच्या व्यापारी पुनर्मुद्रणास परवानगी व शुल्क यांचे बंधन घातले आहे. भारतात असे शुल्क बसवावे, म्हणजे वास्तूंच्या दुरुस्तीस पैसा मिळेल, अशी सूचना कोणी केली तर ती वरवर आकर्षक वाटेल. पण तिचा भार मोठ्या कंपन्यांपेक्षा दिवसाला चार कव्हरे विकणाऱ्यावरच पडेल, आणि वसुलीचा खर्च वसुलीहून अधिक होईल. त्यापेक्षा कव्हराच्या आतल्या बाजूस वास्तूचे नाव, गाव आणि काळ एवढे तीन शब्द छापले गेले तरी पुष्कळ झाले. बहुतेक कव्हरांवर तेवढेही नसते. बशीच्या पाठीवर कुंभार निदान दृश्याचे नाव पुष्कळदा छापीत असे.

राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली असलेली स्मारके साडेतीन हजारांहून अधिक आहेत. कव्हरांवर त्यांतील फार तर वीस-पंचवीस सापडतील. बाकीच्यांचे चित्र नाही, म्हणून गिऱ्हाईक नाही; गिऱ्हाईक नाही, म्हणून चित्र नाही. महालेखापालांच्या २०१३ च्या अहवालात संरक्षित यादीतील ९२ स्मारके जागेवर आढळली नसल्याची नोंद झाली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या शोधात त्यांतील अनेक सापडली. २०२२ अखेर सरकारने संसदीय समितीस दिलेल्या माहितीनुसार ५० स्मारके नाहीशी झालेली होती: १४ नागरी वस्तीच्या वाढीत, १२ धरणांच्या पाण्याखाली, आणि २४ अशी की ज्यांचा ठावठिकाणाच लागत नाही. या २४ पैकी १८ स्मारके राष्ट्रीय महत्त्वाची उरली नाहीत, असे मार्च २०२४ मध्ये जाहीर करण्यात आले. १९५८ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमाने सरकारला तसा अधिकार आहे. असे जाहीर झाले की सभोवतालच्या शंभर मीटरांतील बांधकामावरची बंदीही उठते, आणि मग शोध घेण्यास कारणच उरत नाही. एखादे जुने छायाचित्र, एखादे पिवळे पडलेले पोस्टकार्ड जवळ असते तर निदान जागा ओळखता आली असती. त्यांतील कित्येकांचे तेही नसावे.

त्या अठरांमध्ये हरियाणातील मुजेसर येथील तेरावा कोसमिनार आहे. शेरशहा आणि मोगल बादशहा यांच्या काळात राजमार्गावर कोसाकोसाला असे मनोरे उभारीत. विटा व चुना यांचा, वर निमुळता होत गेलेला, सुमारे तीस फूट उंचीचा साधा खांब. जासूद आणि वाटसरू यांनी लांबून पाहून वाट ओळखावी यासाठी. त्याची आकृती अशी उभी आणि सडपातळ की फोनच्या पाठीवर ती कोठेही न कापता, कॅमेऱ्याचे भोक चुकवून, संबंध बसली असती.